एकेचाळीस नंबरचा कॅन

५ ऑगस्ट १९९६, सोमवार

अठ्ठ्याण्णववरून एकाहत्तर! एका वर्षात!

कागद चारदा वाचला. सात आणि एक उलटसुलट झाले असतील, सतरा असेल, नव्वद असेल – नाही. प्रयोगशाळेतल्या प्रियदर्शनी मॅडमचं अक्षर टपोरं असतं, चुकीला जागाच ठेवत नाहीत. क्रमांक ४१. पुरुष. वय ६७. मूत्रपिंडाचं काम – मिनिटाला ७१. गेल्या वर्षीच्या रजिस्टरात याच ओळीत ९८.

क्रमांक ४१ म्हणजे माझा बाप.

डॉक्टर बेहेरे चष्मा पुसत म्हणाले, "हे तुझे वडील ना, बिरदेव? उतरणीला लागलंय प्रकरण. याच वेगाने गेलं तर चार-पाच वर्षांत डायलिसिसचं मशीन." आणि लगेच मॅडमकडे वळून – "बघितलंत? इन्सुलिन चढतंय, मूत्रपिंड उतरतंय. अगदी मला हवं तसं!"

हवं तसं! माझ्या तोंडावर म्हणाले. मी बर्फाची पेटी उचलून बाहेर आलो. पेटी रिकामी होती, तरी दोन्ही हातांनी धरली होती.

सांगली ते आटपाडी उभा. तासगावला बेदाण्याची खोकी चढली, ती माझ्या पायांवर ठेवली. कंडक्टर म्हणाला, "आवं, पाय काढा की." पाय काढायला जागा असती तर काढले नसते का?

६ ऑगस्ट, मंगळवार

डोकं शांत करायला सगळं क्रमाने लिहितो.

दवाखान्याने आमची वाडी आणि शेजारच्या दोन वाड्या मिळून साठीच्या पुढची साठ माणसं डॉक्टरांच्या संशोधनासाठी धरली आहेत. वर्षातून एकदा सकाळी उपाशीपोटी रक्त. त्यात साखर, क्रिॲटिनिन आणि इन्सुलिन बघतात. शिवाय चोवीस तासांची लघवी पांढऱ्या कॅनमध्ये साठवायची. रक्त आणि लघवी दोन्हींचा मेळ घातला की मूत्रपिंड मिनिटाला किती गाळतं ते कळतं. माणसं माझ्या ओळखीची म्हणून मला कामाला घेतलं. यादी करणं, चिठ्ठ्या लिहिणं, कॅन देणं, कॅन आणणं, फॉर्म भरणं. दहावी नापासाला याहून काय देणार?

आबांचं इन्सुलिन गेल्या वर्षी ३४, यंदा ३८. दहा-पंधरा असायला हवं. पोट सुटलेलं नाही, अंगावर मांस नाही, बावन्न किलो वजन, तरी! मॅडम म्हणाल्या, बारीक माणसांतही होतं. इन्सुलिन असतं, पण शरीर त्याला जुमानत नाही, म्हणून आणखी सुटतं. वर्षानुवर्षं असं चाललं की मूत्रपिंडावर ताण येतो. सुरुवातीला ते जास्तच गाळतं आणि प्रथिनं गळायला लागतात. मग थकतं, आकडा उतरतो. गेल्या वर्षी आबांचा आकडा चढा होता, पण प्रथिनं गळत होती. यंदा प्रथिनं गळतातच, आणि आकडाही उतरला. पुस्तकात असतं तसं, क्रमाने.

म्हणजे वर्षभर मी घरात ओरडत होतो ते खरं होतं. हे इथेच लिहितो, दुसरीकडे बोलणार नाही – आधी आनंद झाला, मग भीती वाटली.

७ ऑगस्ट, बुधवार

आबांना नवा कागद दाखवला. त्यांनी बंडीच्या खिशातून जुना काढला! वर्षभर तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात वागवलाय. देवळापुढच्या पारावर येईल त्याला दाखवतात – "वाच गड्या. अठ्ठ्यान्नव. तरण्या मानसावानी काम करतंय म्हनला डाक्टर." प्रथिनांची ओळ त्याच्याच खाली आहे. तिच्यावर अंगठा ठेवतात.

म्हटलं, "आबा, आता एकाहत्तर झालंय."

"एकाहत्तर म्हंजी पास का नापास?"

"उतरलंय."

"तुला किती पडलं हुतं रं इंग्रजीत? एकवीस न्हव्हं? मग एकाहत्तर लय झालं की."

आई चुलीपुढे हसली. मला आईचाही राग आला.

माझे एकवीस कुणामुळे? परीक्षा तोंडावर असताना मेंढरांमागे पार कऱ्हाडपर्यंत कुणी चालवलं? पुस्तकं गाठोड्यात नेली होती, अवकाळी पावसात भिजून लगदा झाला. पुढच्याच वर्षी मेंढरं विकली, डाळिंबं लावली. मेंढरं गेली, मी नापास राहिलो. हे बोललो नाही. ताट तसंच ठेवून उठलो.

९ ऑगस्ट, शुक्रवार

आज पारावर, चारचौघांत, आबा मुद्दाम – "बिऱ्या, ते इन्शुलिन म्हंजी काय, सांग की समद्यास्नी."

मी चिडायचं नाही ठरवलं. नीट सांगितलं. मेंढरांना आपण हाळी घालतो ना, तशी ती रक्तातली हाळी. मेंढरं ऐकेनाशी झाली की हाळी वाढवावी लागते. तुमच्या रक्तात हाळी अडतीसवर गेलीय, कारण शरीर ऐकत नाही. ओरडून ओरडून घसा बसतो, तसं मग –

"म्हंजी मी तुला बोंबलून सांगतोय आन् तू ऐकत न्हाईस, तसं."

"तसंच."

"मग घसा माझा बसनार."

"मूत्रपिंड बसणार तुमचं!"

"बघा रं," आबा सगळ्यांना म्हणाले, "हे पोरगं दवाखान्यात जाया लागल्यापास्नं माझ्या तोंडाकडं बघून बोलत न्हाई. खाली बघून बोलतंय."

ज्ञानू तात्या शेजारी बसले होते. इतके हसले की ठसका लागला. मी त्यांच्या पाठीत दोन थापट्या मारल्या. जरा जोरातच मारल्या.

१० ऑगस्ट, शनिवार

चहात साखर होती. विचारलं तर आई म्हणाली, "एवढीशीच घातली रं." वर आमटीत मीठ. साखर, गूळ, मीठ तिन्ही डबे माझ्या ट्रंकेत ठेवले. किल्ली करदोट्याला.

११ ऑगस्ट, रविवार

आबांनी ट्रंकेची कडी उचकटली. गूळ खाल्ला. माझी ही वही वर होती, ती बाजूला नीट ठेवलेली दिसली. त्यांना वाचता येत नाही हे बरं आहे.

१३ ऑगस्ट, मंगळवार

काय लिहू!

सकाळी ज्ञानू तात्यांकडे कॅन आणायला गेलो. क्रमांक ४४. आठला चोवीस तास पुरे होणार होते, मी सातलाच गेलो. उशीर मला चालत नाही. तात्या गोठ्याच्या भिंतीमागे उभे. कॅन उन्हाकडे धरून बघत होते. मग हाक मारली –

"अर्जुना! ये रं हिकडं. चार बोटं कमी हाय."

अर्जुना त्यांचा लेक, पस्तिशीचा. हातातली वैरण टाकून आला, कॅन घेतला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

मला कळायलाच वेळ लागला. मग ओरडलो, "तात्या! काय करताय?"

"काय म्हंजी? भरतूय."

"तुमची एकट्याची पाहिजे!"

"माझीच हाय की. खालची समदी माझी. वरची तेवढी ह्येची." मला येडा समजून समजावल्यासारखं बोलत होते. "आरं, दुसऱ्याचं भांडं कोन अर्धं धाडतंय व्हय? दवाखान्यानं एवढं नवंकोरं भांडं दिलं, आन् आपन रितं परत करायचं? काय म्हनतील ती मानसं?"

दारातून शालूबाई, अर्जुनाची बायको – "गेल्या साली तर मामंजींचं निम्मंच झालं हुतं. ह्यांनी आन् धाकल्या भावजींनी भर घातली तवा कुठं अब्रू राहिली."

अब्रू!

ही रीत मला माहीत नाही का? शेजारणीकडून वाटीभर पीठ आणलं तर वाटी रिकामी जात नाही. गुळाचा खडा, चार शेंगा, काहीच नसलं तर चिमूटभर मीठ. अशा शेकडो वाट्या मी स्वतः पोहोचवल्यात. वाडीतला मुलगा पाहिजे म्हणून तर दवाखान्याने मला घेतलं! आणि नेमकं हेच माझ्या डोक्यात आलं नाही.

१४ ऑगस्ट, बुधवार

घरोघरी फिरलो. अकरा घरं झाली. नऊ घरांत भर घातलेली. कुणाला त्यात काही लपवायचं आहे असंही दिसलं नाही. उलट मलाच विचारतात, "का रं, कमी पडलं का?"

हरणाबाई एकट्या राहतात, मागे-पुढे कुणी नाही. म्हटलं, "म्हातारे, तुझा कॅन गळ्यापर्यंत होता. कुणाची भर?"

"शेजारधरम हाय का न्हाई वाडीत?" एवढंच. नाव सांगितलं नाही.

फॉर्मवर छापलेलं वाक्य – 'चोवीस तास पूर्ण. फक्त स्वतःची.' त्याखाली सही माझी. साठ फॉर्मांवर साठ सह्या. वेलांटी-उकार तपासून, वळण सांभाळून केलेल्या! वाक्य मी दरवेळी वाचून दाखवायचो. ते मान डोलवायचे. मी फॉर्मकडे बघत होतो, त्यांच्याकडे बघितलंच नाही.

आपल्या घरी अजून विचारलेलं नाही.

१५ ऑगस्ट, गुरुवार

विचारलं.

आई जोंधळे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग? तुझ्या बापाचं अर्ध्याच्या खालीच हुतं. लेक दवाखान्यात नोकरीला, आन् त्याच्याच घरचं भांडं रितं जायचं?"

"कुणाची भर घातलीस?"

"गेल्या साली मी आन् माया. औंदा माया नांदाया गेली, मी एकटीच उरले. म्हनून जरा कमी आलं. तुला वरडले का तितं?"



अठ्ठ्याण्णववरून एकाहत्तर. गेल्या वर्षी कॅनमध्ये तीन माणसं होती, यंदा दोन. मूत्रपिंड उतरलंच नाही – मे महिन्यात माझ्या बहिणीचं, मायाचं, लग्न झालं! डॉक्टरांच्या आलेखात आबांची रेघ खाली आली ती माया शिराळ्याला गेली म्हणून!

हसू येत होतं. पण हसता हसता थांबलो. मग आबांचं खरं किती? एकाहत्तरातून आई वजा केली तर काय उरतं? पन्नास? तीस? वीस? कुणालाच माहीत नाही. हा सगळा आकडाच खोटा.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

आज दोन वेळा डॉक्टरांना सांगायचं ठरवलं. दोन वेळा रद्द केलं. नोव्हेंबरात त्यांना पुण्याला साठ जणांचा आलेख लोकांपुढे मांडायचा आहे. मी तोंड उघडलं की आलेखही गेला, माझी नोकरीही गेली. नाही उघडलं तर आबांच्या पोटात काय चाललंय ते कळणार नाही. मशीनची पाळी आल्यावर कळेल.

आणि त्या माणसासाठी मी नोकरी घालवू? ज्याने माझी दहावी घालवली त्याच्यासाठी?

हे वाक्य खोडणार नाही. लिहिलं ते लिहिलं.

१७ ऑगस्ट, शनिवार

माया आली. लग्नानंतरची पहिली पंचमी, आता श्रावण संपेपर्यंत राहील. शिराळ्यात पंचमीची गर्दी, पाहुण्यांनी घर भरलंय, सासूबाई म्हणाल्या जा बाई तू माहेरी. हातभर बांगड्या, आल्या आल्या हसतेय. मी तिला बाजूला घेऊन खात्री करून घेतली. लाजली, मग भडकली – "आयनं सांगितलं म्हनून केलं! तुला काय धाड भरलीय? आल्या आल्या हेच इचारतोस?"

खात्री झाली.

२० ऑगस्ट, मंगळवार

काल पंचमी म्हणून सुट्टी. आज पहिल्या गाडीने सांगली. आधी प्रियदर्शनी मॅडमना सांगितलं. माझ्याच वयाच्या आहेत, तासगावच्या. बी. एस्सी. झालेल्या. मी 'प्रथिने' हा शब्द एकदा चुकीचा लिहिला होता तो त्यांनी लाल शाईने सुधारला होता, तेव्हापासून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलतो.

त्यांनी ऐकून घेतलं. आश्चर्य वाटलं नाही त्यांना! म्हणाल्या, "मला जूनमध्येच शंका आली होती. क्रिॲटिनिन स्नायूंतून येतं, बिरदेव. बावन्न किलोच्या म्हाताऱ्याच्या अंगातून एवढं निघायला एवढे स्नायू आहेत कुठे? मी सरांना बोलले. सर म्हणाले, धनगर काटक असतात."

"मग मला का नाही विचारलंत?"

"तुम्हाला विचारलं की तुमचं तोंड फुगतं. फॉर्मवर सही आहे म्हणता. आणि दार आपटता."

दार मी एकदाच आपटलं होतं. वाऱ्याने आपटलं होतं.

मग दोघे डॉक्टरांकडे. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. ज्ञानू तात्या, अर्जुना, वाटीची रीत, सगळं. डॉक्टर बेहेरे आधी हसले, मग रजिस्टर उघडलं, मग हसणं थांबलं.

"साठच्या साठ?"

"बहुतेक, सर."

"बहुतेक! दोन वर्षं! दोन वर्षं मी त्या वाडीच्या मुताच्या लोणच्यावर आलेख काढतोय!" पेन फेकलं. माझ्या अंगावर नाही, भिंतीवर. "दहावी नापास माणसाला जबाबदारीचं काम दिलं ही माझी चूक."

मी म्हणालो – मी हे कसं म्हणालो मला माहीत नाही – "सर, रीत न विचारता भांडं वाटलं ही कुणाची?"

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "रक्ताचे आकडे खरे आहेत, तेवढेच वापरता येतील. कॅन सगळे पुन्हा. एकही भेसळीचा आला तर तू बाहेर." मी दाराशी पोहोचल्यावर म्हणाले, "पहिला तुझ्या बापाचा आण."

दार हळू लावलं.

२१ ऑगस्ट, बुधवार

आबा म्हणतात – "देत न्हाई."

२२ ऑगस्ट, गुरुवार

पुन्हा विचारलं. "त्या कागदावर सही तुझी हाय ना? मग तवा खोटं बोलत हुतास का आता बोलतोस?" पुढे म्हणाले, "तुला म्या आजारीच पायजे. गेल्या साली चांगला निगालो, ते तुला बघवंना. म्हनून नवा कागद काढाय निघालास."

खरं सांगायचं तर यात थोडं खरं आहे. म्हणून तर एवढा राग आला. मी ओरडलो, "मरा मग!" आईने हातातली परात खाली ठेवली. माया आतून बाहेर आली. आबा शांतपणे तंबाखू मळत राहिले. "मरतो की. पर अठ्ठ्यान्नव घिऊन मरतो."



२४ ऑगस्ट, शनिवार

मार्ग सापडला. चांगला नाही, पण सापडला.

पारावर गेलो. सगळे बसले होते. मी मोठ्याने म्हणालो, "आबा, तो अठ्ठ्याण्णवचा कागद दाखवा की सगळ्यांना." त्यांनी हौसेने काढला. मग मी म्हणालो, "यात मायाचे किती आणि आईचे किती, तेही सांगा."

कुणाला आधी कळेना. मी सांगितलं. कॅनमध्ये कुणाकुणाची भर होती ते सांगितलं. तरण्यासारखं काम करणारं मूत्रपिंड तरण्या मुलीचंच होतं हेही सांगितलं.

ज्ञानू तात्या – "आयला! म्हंजी धोंडीबा, माया नांदाया गेली आन् तुझं मूत्रपिंड उतरलं!" पार हादरेल एवढे हसले सगळे. हसताना त्यांना स्वतःच्या अर्जुनाची आठवण नव्हती.

आबा हसले नाहीत. कागद घडी करून पिशवीत घातला, पिशवी खिशात घातली आणि उठून घरी गेले. पाठमोरे चालताना मान खाली होती. मी जिंकलो होतो. जिंकल्यावर असं वाटतं हे माहीत नव्हतं.

घरी आलो तर उंबऱ्यात बसलेले. माझ्याकडे न बघता – "आन तुझं ते भांडं. बायकांच्या जिवावर तरना न्हाई म्हनवून घ्यायचा मला. किती यील तेवढं यील."

२७ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी आठपासून. मी रजा घेऊन घरीच. आबा जातील तिथे मागे. रानात गेले तर कॅन घेऊन मागे. एकदा फिरून म्हणाले, "आता धरून बी देनार का?" दुसऱ्या वेळी नुसता हात मागे केला आणि मी कॅन दिला. झाकण मी लावलं. दिवसभरात एवढंच बोलणं झालं, आणि गेल्या कित्येक महिन्यांत एवढं सरळ बोलणं झालेलं नाही.

२८ ऑगस्ट, बुधवार

सकाळी आठला कॅन बंद केला. निम्म्याच्याही खाली. नाव, वेळ, चिठ्ठी. निघालो तर आई दारात आडवी!

"असा नेनार? एवढासा? मी हात लावत न्हाई बाबा, पर रितं भांडं माझ्या घरातनं जानार न्हाई."

"आई, यात काही घालायचं नाही!"

"यात न्हाई घालत." आत गेली. जुन्या लुगड्याच्या फडक्यात चार डाळिंबं बांधून आणली आणि फडक्याची गाठ कॅनच्या कडीला मारली. "आता ने. आता झालं."

सांगलीच्या गाडीत एका हातात कॅन, त्याला लोंबणारी डाळिंबं. लोक बघत होते. प्रियदर्शनी मॅडमनी फडकं सोडलं, काय आहे ते विचारलं, मी सांगितलं. खूप वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "सगळ्या वाडीला हेच सांगा. कॅनमध्ये नाही, कॅनवर. एकही भेसळीचा येणार नाही बघा." माझ्या का नाही हे डोक्यात आलं? आईला शाळेचं तोंड माहीत नाही, तिच्या आलं.

३१ ऑगस्ट, शनिवार

मॅडमचं म्हणणं खरं ठरलं. दोन दिवसांत सात कॅन. कुणाचा अर्धा, कुणाचा पाव. प्रत्येकाला गाठोडं. ज्ञानू तात्यांचा हुलगा, हरणाबाईंची दोन अंडी. अंडी फुटली नाहीत. डॉक्टर बेहेऱ्यांच्या टेबलावर परडी ठेवलीय. हुलगा त्यांनी घरी नेला.

२ सप्टेंबर, सोमवार

आबांचा आकडा आला. बासष्ट!

सदुसष्ट वर्षांच्या बारीक माणसाला ठीक आहे म्हणतात. मशीनचं नाव नाही. इन्सुलिन मात्र चढंच आहे, ते रक्तातलं, त्यात कुणाची भर नव्हती. तेव्हा साखर-गूळ बंद ते बंदच. पण घाई नाही. सांभाळलं तर वर्षानुवर्षं चालेल.

आणि प्रथिनं – अजिबात नाहीत. थेंबभरसुद्धा गळती नाही. मॅडमनी दोनदा तपासलं.

वाडीत येईपर्यंत मी आबांना कोणत्या शब्दांत सांगायचं ते ठरवत होतो. शेवटी नुसतं सांगितलं, "बासष्ट. तुमचे एकट्याचे."

आबांनी जुना कागद काढला, फाडला आणि चुलीत घातला. नवा पिशवीत घातला. "पैला वर्ग म्हनत्यात न्हव्हं रं बासष्टला?"

"हो."

"तुझ्यापरीस बरा मग." पण आज तोंडाकडे बघून म्हणाले, आणि मीही तोंडाकडे बघत होतो.

एक गोष्ट मात्र. सांगलीहून निघताना मॅडम जिन्यापर्यंत आल्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "दोन्ही वर्षी त्या कॅनमध्ये प्रथिनं होती, बिरदेव. तुमच्या वडिलांची नव्हती. मग कुणाची?" आणि माझ्या हातात दोन पट्ट्या ठेवल्या.

३ सप्टेंबर, मंगळवार

पट्टी पिवळी असते. लघवीत बुडवून मिनिटभर थांबायचं. हिरवी झाली तर प्रथिनं आहेत.

मायाची पिवळीच राहिली.

आईच्या पट्टीला मिनिटभर थांबावंच लागलं नाही.

ती यादीत नाही. वयाची साठ पुरी लागतात. यादी मीच केली होती. वय विचारलं तेव्हा म्हणाली होती, "तूच लिही काय त्ये." मी अठ्ठावन्न लिहिलं.